पालकांना लिनक्स कसं पटवू?

पत्र

आमच्या मंडळाची ठाणे पूर्वेला, कोपरीत, अभ्यासिका आहे. तिथे आठ संगणक आहेत. एका कंपनीनं वापरून झाल्यावर देणगी म्हणून दिलेले, सगळे विंडोज १० वाले. त्यांच्यावर विंडोज ११ चढत नाही असं कळलं, म्हणून माझ्या भाच्यानं तिघांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलं. मुलं ते बिनतक्रार वापरतात. पण गेल्या पालक-बैठकीत एक गृहस्थ उठून म्हणाले, "बाहेर सगळं जग विंडोजवर चालतं, आणि आमच्या मुलांच्या माथी हे फुकटचं का मारता?" दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. आता कार्यकारिणीतही दोन तट पडलेत. काही म्हणतात, वर्गणी काढून नवे संगणक घेऊ. काही म्हणतात, ओळखीचा दुकानवाला दोनशे-तीनशे रुपयांत विंडोज ११ "बसवून देतो". मला संगणकातलं फार कळत नाही. हे लिनक्स खरंच कमी दर्जाचं आहे का? नसेल, तर लोकांना तसं का वाटतं? आणि पुढच्या बैठकीत पालकांना मी काय सांगू?

— एक कार्यकर्ती, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. नाही, भाच्यानं टाकलेली ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारा मूळ प्रोग्राम, कमी दर्जाची नाही. अभ्यासिकेत मुलं जे करतात, म्हणजे फॉर्म भरणं, टिपणं काढणं, व्हिडिओ बघून शिकणं, अर्ज टाइप करणं, त्यासाठी ती चांगली आहे, आणि तुमच्या जुन्या संगणकांवर तर जास्तच चांगली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र दुसऱ्यातून निघतं. लोकांना असं का वाटतं हे समजून न घेता बैठकीत उभ्या राहिलात तर नुसता वाद होईल. म्हणून मधल्या प्रश्नावर जरा जास्त वेळ घेतो.

आधी एक विनंती. त्या गृहस्थांवर रागावू नका. पोरगं उद्या नोकरीत मागे पडू नये, या काळजीपोटी ते बोलले. त्यांनी लिनक्स बहुधा कधी वापरलेलं नसेल, तरी त्यांचं मत पक्कं आहे. त्यात त्यांचा दोष नाही. न वापरलेल्या वस्तूंबद्दल आपण सगळेच मत बाळगून असतो आणि ते मत बाजार घडवतो.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ बाजारात आलं तेव्हा न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर विंडोजच्या रंगांची रोषणाई होती. जाहिरातीत रोलिंग स्टोन्सचं गाणं होतं. लंडनच्या टाइम्सचा त्या दिवसाचा अंक वाचकांना फुकट मिळाला, खर्च विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टचा. दुकानांबाहेर मध्यरात्री रांगा लागल्या. संगणकाच्या पोटात चालणाऱ्या एका प्रोग्रामसाठी माणसानं रात्री रांगेत उभं राहावं, एवढी हवा जाहिरातीनं तयार केली होती.

त्याआधी चार वर्षं, ऑगस्ट १९९१ मध्ये, हेलसिंकीतल्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानं इंटरनेटवर चार ओळी लिहून कळवलं होतं की आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती आणि तिथे अशाच खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचे बाकीचे बरेच भाग तयार होते. या दोन्हींच्या जोडणीतून आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो ते उभं राहिलं. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं, दुसऱ्याला द्यावं, असा त्याचा परवाना. या परवान्यामुळे ते जगभर पोचलं, आणि त्याच परवान्यामुळे घराघरात त्याची जाहिरात करणारं कुणी उरलं नाही. प्रत विकून पैसे मिळणार नसतील तर टीव्हीवरचे तीस सेकंद विकत कोण घेणार? तुमच्या पालकांनी लिनक्सची जाहिरात कधी पाहिलेली नाही, याचं कारण एवढं साधं आहे. आणि जाहिरात दिसत नाही ती वस्तू बिनभरवशाची, असं आपलं मन परस्पर ठरवून टाकतं.

जाहिरात समोरच्याच्या मालाबद्दल शंका पेरायलाही वापरतात. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी शिकागोच्या एका वर्तमानपत्राला मुलाखत देताना लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली. त्यांचा रोख परवान्यावर होता: लिनक्स ज्याला चिकटेल त्या सगळ्या बौद्धिक मालमत्तेला तो परवाना लागू होतो, असं त्यांचं म्हणणं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो रोग. २००४ मध्ये त्याच कंपनीनं मोठी मोहीम काढली. तिचा सूर असा की लिनक्स दिसायला फुकट, पण एकूण हिशेब केला तर महागात पडतं. त्यातली एक जाहिरात तर लिनक्स दहापट महाग असल्याचं सांगत होती. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं त्याच वर्षी ती दिशाभूल करणारी ठरवली, कारण लिनक्सचा खर्च मोजला होता आयबीएम कंपनीच्या मेनफ्रेम या महागड्या, अवाढव्य संगणकावर आणि विंडोजचा साध्या सर्व्हरवर (इतर संगणकांना सेवा पुरवणाऱ्या यंत्रावर).

या मोहिमेतला एक मुद्दा मात्र खरा होता. ऑपरेटिंग सिस्टिम फुकट असली तरी ती शिकवणारा, बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस लागतो आणि त्याचा वेळ फुकट नसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, तुमच्या भाच्यासंदर्भात मी त्याच्याकडे परत येणार आहे.

पुढचा भाग पालकांना सांगण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे नवे प्रमुख सत्या नडेला भाषणाला उभे राहिले तेव्हा मागच्या पडद्यावर अक्षरं होती, मायक्रोसॉफ्टचं लिनक्सवर प्रेम आहे. २०१६ मध्ये ही कंपनी लिनक्सचं काम पुढे नेणाऱ्या लिनक्स फाउंडेशन या संस्थेची सभासद झाली. तिच्या अझूर या क्लाउड सेवेत, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं दिलेल्या सर्व्हरवर, ग्राहकांचं अर्ध्याहून जास्त काम आज लिनक्सवर चालतं. मधल्या काळात लिनक्स सुधारलं हे खरंच, पण मुख्य बदल झाला तो कंपनीच्या हिशेबात: विंडोजच्या प्रती विकण्यापेक्षा सर्व्हर भाड्यानं देण्यात जास्त भवितव्य दिसू लागलं. आयबीएमचंही तसंच. तिला सर्व्हर आणि सेवा विकायच्या होत्या, म्हणून तिनं २००१ मध्ये लिनक्सची जोरदार जाहिरात केली. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोत फुटपाथवर शांततेचं चिन्ह, बदाम आणि पेंग्विन रंगवले आणि वर त्या शहरांचा दंडही भरला. म्हणजे लिनक्सची जाहिरात झालीच नाही असं नाही. ती कंपन्यांच्या साहेबांसाठी झाली. कोपरीतल्या घरापर्यंत तिनं यायचं काही कारण नव्हतं.

हा झाला अमेरिकेचा इतिहास. तुमच्या बैठकीतल्या गृहस्थांनी काही शिकागोचं वर्तमानपत्र वाचलेलं नसणार. आपल्याकडे हे मत घडलं ते दुकानाच्या काउंटरवर आणि क्लासच्या बाकावर, आणि माझ्या मते तिथे ते जास्त घट्ट झालं.

लॅपटॉप घ्यायला ठाणे स्टेशनजवळच्या किंवा वाशीच्या एखाद्या दुकानात गेलात तर काय होतं बघा. काचेवर एकाच कंपनीचे दोन लॅपटॉप, बाकी सगळं सारखं. एकाच्या चिठ्ठीवर "विंडोज ११ होम" लिहिलेलं, दुसऱ्याच्या चिठ्ठीवर "डॉस" (जुनी, नुसत्या अक्षरांवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम), कधी "उबंटू" (मिंटसारखाच लिनक्सचा एक प्रकार). दुसरा काही हजारांनी स्वस्त. गिऱ्हाईक विचारतं, फरक काय? काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "काही नाही हो, स्वस्तवाला घ्या, विंडोज मी टाकून देतो. ऑफिस पण टाकतो. फोटोशॉप पाहिजे?" मग तो खणातून पेनड्राइव्ह काढतो, लॅपटॉपला लावतो, चहा मागवतो. चहा संपेपर्यंत आतलं उबंटू पुसलं गेलेलं असतं. ते एकदाही सुरू करून कुणी पाहिलेलं नसतं. गिऱ्हाईक तिथून दोन धडे घेऊन निघतं. एक, विंडोजही फुकटच मिळतं. दोन, लॅपटॉपमध्ये आधी जे होतं ते पुसून टाकायच्या लायकीचं होतं.

या काउंटरनं लिनक्सचं आपल्याकडे जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्या जाहिरातीनं केलं नसेल. परदेशात लिनक्सवाले निदान "पैसे वाचतील" एवढं तरी सांगू शकत होते. इथे चोरीचं विंडोजही फुकट, मग लिनक्सच्या वाट्याला उरला तो फक्त अनोळखीपणा.

दुसरी जागा क्लासची. गेली वीसेक वर्षं महाराष्ट्रात संगणक शिकणं म्हणजे एमएस-सीआयटी. सरकारी नोकरीत ते किंवा त्याच्या बरोबरीचं प्रमाणपत्र मागतात. त्या अभ्यासक्रमानं गावोगावच्या लाखो लोकांचा हात पहिल्यांदा माउसवर ठेवला, त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण त्यातून "संगणक म्हणजे विंडोज, लिहिणं म्हणजे वर्ड, हिशेब म्हणजे एक्सेल" हे समीकरण इतकं रुजलं की त्याबाहेरचं काही दिसलं की आपल्याला ते बिघडल्यासारखं वाटतं. केरळात नेमकं याच्या उलट घडलं. तिथल्या सरकारी शाळांमध्ये आयटी ॲट स्कूल या प्रकल्पातून मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे लिनक्ससारखं खुल्या परवान्याचं सॉफ्टवेअर आलं, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं गेलं, पाठ्यपुस्तकं त्यावर बेतली गेली. तिथे शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला लिनक्स परकं वाटत नाही. कुणी मोठी जाहिरात केली म्हणून नाही, पहिल्या दिवशी समोर तेच होतं म्हणून. तुमच्या अभ्यासिकेत मुलं बिनतक्रार वापरतात आणि पालकांना खटकतं, त्याचं कारणही हेच असावं.

आता त्या गृहस्थांचं पहिलं वाक्य: सगळं जग विंडोजवर चालतं. घरातल्या आणि ऑफिसातल्या टेबलावर पाहिलं तर ते बऱ्यापैकी खरं आहे. पण त्यांच्या खिशातला फोन अँड्रॉइड असेल, तर त्याचा गाभा लिनक्सचा आहे. २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला तेव्हापासून कोट्यवधी खपले, जाहिरातीत लिनक्सचा शब्द नाही. २०१७ चा जिओफोन आठवतो? त्यातली कायओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्सवरच उभी होती. पलीकडे खाडी ओलांडलीत की ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटरं उभी आहेत. जगभरातल्या अशा केंद्रांतल्या सर्व्हरवर सर्वात जास्त चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्सच आहे. जगातले सर्वात वेगवान पाचशे महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. जिथे लिनक्सच्या जोरावर वस्तू विकली गेली तिथे नाव वस्तूचं झालं, आणि "लिनक्स" हे नाव मागे उरलं ते फक्त टेबलावरच्या संगणकापुरतं, जिथे त्याला वाली नव्हता.

ही माहिती बैठकीत जरूर सांगा, पण हुकमाचा पत्ता म्हणून टाकू नका. फोन लिनक्सवर चालतो म्हणून संगणकावरचं लिनक्स आपोआप सोपं ठरत नाही. समोरच्याला हे कळतं, आणि आपण त्याला गप्प करायला आलोय असं वाटलं की तो हट्टाला पेटतो. त्यांचं "सगळं जग" हे वाक्य थोडं रुंद करण्यापुरताच याचा उपयोग करा.

एक अवघड गोष्टही लिहितो, कारण तुमचा भाचा तरुण आहे आणि या वयात उत्साह दांडगा असतो. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी स्वतःही आपली प्रतिमा बिघडवली आहे. "याच्यात व्हायरस येतच नाही", "विंडोजचं सगळं यावर चालतं", "हे न कळणारा माणूस अडाणी", असं पंचवीस-तीस वर्षं बोललं गेलं. पहिली दोन वाक्यं खरी नाहीत आणि तिसरं अपमानकारक आहे. असल्या बोलण्यावर विसंबून लिनक्स बसवलेल्या माणसाचा प्रिंटर दुसऱ्या दिवशी चालला नाही, की तो दहा जणांना त्याबद्दल सांगतो. याउलट उबंटूनं सुरुवातीची काही वर्षं मागेल त्याला जगात कुठेही पोस्टानं फुकट सीडी पाठवल्या. रंगीत पाकिटात, टपालखर्चही त्यांचाच. ती सीडी हातात पडलेली माणसं आजही तिच्याबद्दल मायेनं बोलतात. वस्तू हातात पडली, लावून बघता आली, नाही आवडली तर बाजूला ठेवता आली. तुम्हालाही बैठकीत हेच करायचं आहे.

सर्वात आधी "फुकट" हा शब्द तुमच्या बाजूनं बंद करा. पैसे वाचले हे तुमच्या दृष्टीनं खरं आहे, पण पालकांच्या कानाला ते "आमच्या मुलांवर खर्च करायचा नव्हता" असं ऐकू येतं. कुणी किमतीचं काढलंच तर एक गोष्ट सांगा: रेड हॅट ही लिनक्सवरच धंदा करणारी कंपनी आयबीएमनं २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलर मोजून घेतली. तिचं पुण्यात मोठं कार्यालय आहे. आपली मराठी मुलं तिथे नोकरी करतात. नोकरीची काळजी असलेल्या बापाला हे वाक्य पोचेल.

मग भाषण थांबवा आणि दाखवा. बैठकीआधी भाच्याकडून एका संगणकावर सगळं मराठीत करून घ्या: मेनू मराठी, मराठी कळफलक चालू. मंडळाच्याच नावानं एक अर्ज तिथल्या तिथे लिब्रेऑफिस रायटरमध्ये (वर्डसारखाच मुक्त प्रोग्राम) टाइप करा, "महानगरपालिका आयुक्त यांस" इथपासून. हे काम शक्यतो एखाद्या मुलीला किंवा मुलाला करू द्या, भाच्याला नको. अर्ज पीडीएफ करा आणि बैठकीतल्या एखाद्या पालकाच्या फोनवर पाठवा. आपल्या फोनवर तो अर्ज उघडलेला दिसणं याला कुठलंच भाषण पुरं पडत नाही. नंतर ब्राउझर उघडून एखाद्या सरकारी संकेतस्थळावरचा फॉर्म दाखवा. ब्राउझर उघडल्यावर खाली कुठली ऑपरेटिंग सिस्टिम आहे हे बहुतेकांना कळणारही नाही, ते त्यांना त्यांचं ओळखू द्या. तुम्ही बोलून दाखवू नका.

एक्सेलचा प्रश्न येणारच. नोकरीच्या मुलाखतीत एक्सेल विचारतात, तेव्हा तो येऊ द्या. मायक्रोसॉफ्टचं वर्ड आणि एक्सेल ब्राउझरमध्ये, खातं उघडून, विनामूल्य वापरता येतं आणि ते मिंटवरच्या ब्राउझरमध्येही चालतं. सगळ्या सोयी त्यात नसतात, पण सूत्रं, तक्ते, आलेख शिकायला भरपूर आहे. लिब्रेऑफिसमधल्या कॅल्क या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये बेरजेचं सूत्र लिहायला शिकलेली मुलगी एक्सेलमध्ये अडत नाही. बटणांच्या जागा बदलतात, डोकं तेच लागतं.

जे होत नाही तेही त्याच बैठकीत, कुणी विचारायच्या आधी सांगा. टॅली थेट चालत नाही. फोटोशॉप, कोरलड्रॉ चालत नाही. जुन्या पद्धतीच्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये केलेल्या फाइली तो फॉन्ट बसवल्याशिवाय नीट उघडणार नाहीत. सरकारच्या संगणक टायपिंग परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी परीक्षेत जे सॉफ्टवेअर असेल त्यावरच सराव केला पाहिजे, त्यात तडजोड नको. म्हणून सगळी अभ्यासिका फक्त लिनक्सवर ठेवू नका. वर्गणी जमली तर तिच्यातून विंडोज ११ चे दोन संगणक घ्या, रीतसर परवान्याचे, आणि ते टॅली, टायपिंग आणि ऑफिसच्या सरावासाठी राखा. उरलेली वर्गणी जुन्या संगणकांमध्ये एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवायला वापरा. आतमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती बदलल्यानं जेवढा वेग वाढतो तेवढा ऑपरेटिंग सिस्टिम बदलूनही वाढत नाही. रॅम चार जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे.

बाकीच्या विंडोज १० वाल्या संगणकांचं फार काळ लांबवू नका. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात, एवढीच सवलत. ते ११ वर जात नाहीत त्याचं कारण ते निकामी झाले असं नव्हे. नव्या विंडोजला ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती जुन्या यंत्रांत नाही. चालू यंत्र भंगारात काढायला लावणाऱ्या या अटीमुळेच मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी, केडीई ही संस्था त्यात पुढे होती, विंडोज १० संपताना "हा संगणक टाकू नका, लिनक्स लावा" अशी मोहीम चालवली. उशिरा का होईना, त्यांना प्रचाराचं महत्त्व कळलं याचा मला आनंद आहे.

दोनशे-तीनशे रुपयांत विंडोज बसवून देणाऱ्याला मात्र अभ्यासिकेत पाऊल ठेवू देऊ नका. हे मी अगदी कळकळीनं सांगतो. ते बेकायदा आहे आणि मंडळ नोंदणीकृत असेल तर उद्या जबाबदारी कार्यकारिणीवर येईल, हा एक भाग. त्याहून मोठा भाग असा की ते विंडोज "चालू" करायला जो छोटा प्रोग्राम वापरतात तो कुठून आला, आणखी काय करतो, हे त्या दुकानदारालाही माहीत नसतं. अशा प्रोग्रामांबरोबर पासवर्ड चोरणारी सॉफ्टवेअरं येतात. तुमच्याकडे मुलं परीक्षेचे फॉर्म भरताना आधार क्रमांक टाकतात, वडिलांच्या खात्यातून फी भरतात. ज्या पालकांना लिनक्स कमी दर्जाचं वाटतं त्यांच्यासमोर हा पर्याय त्याच्या खऱ्या रूपात ठेवा, मग दर्जाबद्दल बोलणं सोपं होईल.

आता दुरुस्त करणाऱ्या माणसाचा तो मुद्दा, भाच्यासाठी राखून ठेवलेला. तुमच्या सगळ्या बेतातला कच्चा दुवा तो आहे, लिनक्स नाही. उद्या त्याला बेंगळुरूला नोकरी लागली तर संगणक कोण बघणार? शेजारचा दुकानदार लिनक्स दुरुस्त करणार नाही, आणि एखादा संगणक आठवडाभर बंद पडला की पालक म्हणतील, बघा, सांगितलं होतं. म्हणून भाच्याला आत्ताच सांगा की पुढचे संगणक त्यानं स्वतः करायचे नाहीत. दहावी-अकरावीतली दोन-तीन मुलं-मुली निवडा आणि त्यानं नुसतं शेजारी बसावं. पेनड्राइव्ह तयार करणं, आधी न बसवता तसंच चालवून बघणं, आवाज, वाय-फाय आणि मराठी कळफलक तपासणं, मग बसवणं, हे सगळं त्या मुलांनी करावं. एका वहीत प्रत्येक संगणकाची नोंद ठेवावी: काय बसवलं, कधी, काय अडलं, कसं सुटलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिस आणि लिनक्सचे धडे मराठी आवाजात विनामूल्य मिळतात. दहा-बारा मिनिटांचा एकेक धडा, बघत बघत करायचा. ते उतरवून एका संगणकावर ठेवा म्हणजे इंटरनेट नसलं तरी अडणार नाही. पुढच्या बैठकीत प्रात्यक्षिक याच मुलांनी द्यावं, आणि त्यांत त्या गृहस्थांचा मुलगा किंवा मुलगी असेल तर उत्तमच.

तुमच्याकडे प्रिंटर कुठला आहे ते पत्रात नाही. बैठकीआधी तो मिंटवर चालतो का बघा, कारण आपल्याकडच्या ऑफिसांतून खूप दिसणारे काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर त्रास देतात आणि अर्ज छापून दाखवायच्या वेळी हे कळायला नको. चालला नाही तर त्याला विंडोजच्या संगणकालाच जोडा आणि पीडीएफ तिथून छापा. त्याचं मॉडेल मला कळवलंत तर काय करता येईल ते लिहीन.